बाहेरून लावलेली कडी

मी, वच्छला महादेवराव काळमेघ, वय ६६, निवृत्त शिक्षिका, राहणार दर्यापूर, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हृदयाचे दुखणे वाढल्यामुळे आता उशीर करत नाही.

१. दर्यापूरचे घर माझ्या स्वकमाईचे आहे. त्यात माझा भाऊ खुशाल, वय ६०, याने हयात असेपर्यंत राहावे. तो जन्मापासून मतिमंद आहे. बोलत नाही, पण त्याला समजते. त्याच्या पश्चात घर माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी आकांक्षा, हिचे.

२. बँकेतील ठेव खुशालच्या औषधपाण्यासाठी आहे, व्यवहार आकांक्षाने पाहावा. तिने त्याला सांभाळलेच पाहिजे, असे मी लिहीत नाही. आईने जाताना माझ्याकडून तसा शब्द घेतला होता, मी कोणाकडून घेत नाही. तिला न जमल्यास चांगली संस्था शोधावी. मात्र खोलीचे दार आतून उघडणारे असावे. आणि आकांक्षाला पाहायला पाहुणे आले, तर खुशाल बैठकीत तिच्या शेजारी बसेल. पोह्यांची पहिली बशी त्याची.

३. माझा धाकटा भाऊ धर्मेंद्र, राहणार अकोला, याला आईचा फोटो देते. "जिनं दादाले कोंडलं, तिचा फोटो माया घरात नोको," असे म्हणून त्याने तो परत पाठवला होता. पुढचे कलम वाचून त्याने तो लावावा.

४. मे १९७९ मध्ये मला पाहायला पाहुणे येणार होते. त्या दिवशी खुशालला शेजारच्या रुख्मिणीकाकूंकडे नेऊन बसवायचे, असे आईने मला सांगितले होते. अशा दिवशी आमच्याकडे तेच करत. मला वेणी घालायला उशीर झाला होता. मी त्याला मागच्या टिनाच्या खोलीत नेले आणि म्हटले, "मी हाक मारल्याबिगर येजो नोको." कडी बाहेरून लावली.

पाहुणे जेवूनही लवकर हलले नाहीत. दुपारी चारच्या सुमारास मागून तीनदा दार वाजले. मुलाच्या मावशीने विचारले, "काय वाजून राह्यलं वो?"

मी म्हटले, "मांजर."

पुन्हा वाजले नाही.

पाहुणे गेल्यावर नऊ वर्षांच्या धर्मेंद्रने कडी काढली. खुशाल तापलेल्या टिनाखाली उकाड्याने बेशुद्ध पडला होता. "कोनं लावली?" असे धर्मेंद्र ओरडला. आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "म्याच लावली." तो ठपका तिने मरेपर्यंत वागवला. मी गप्प राहिले. पाहुण्यांचा होकार आला, तो मी परतवला. त्याने काहीही फिटले नाही.

५. खुशाल वाचला. पण तेव्हापासून प्रत्येक दाराशी थांबतो, चौकटीवर तीनदा वाजवतो आणि माझ्या हाकेची वाट पाहतो. घरातील सर्व दारे मी काढून टाकली. तरी तो उघड्या चौकटीत उभा राहतो. गेल्या महिन्यात मी दोन दिवस अकोल्याच्या दवाखान्यात होते. आकांक्षाचा फोन आला, "आत्या, तूच बोल बाई. काका मले मोजूनच नाई राह्यले. सकाळपासून तिथंच उभे हायेत."

तिने माझी हाक मोबाइलमध्ये भरून ठेवली आहे. माझ्या मृत्यूनंतर ती पुसून टाकावी. मेलेल्या माणसाच्या हाकेवर त्याला चालवू नये.

त्याऐवजी हल्ली रोज चारला आम्ही दोघी एकत्र हाक मारतो. मी माझा आवाज रोज थोडा लहान करते आहे.

आज साक्षीदार बसले असतानाच त्याने वाजवले. मी ठरवून गप्प राहिले. आकांक्षा एकटीच म्हणाली, "काका, या बाहेर." त्याने एक पाय उचलला, माझ्याकडे पाहिले आणि तो पाय पुन्हा आत ठेवला.

मग मी हाक मारली. तो बाहेर आला. आता सही करते.

सही : वच्छला म. काळमेघ

आमच्यासमक्ष सही केली :
१. ॲड. मोरोपंत देशपांडे, दर्यापूर
२. प्रीतम गावंडे, शेजारी, दर्यापूर

स्थळ : दर्यापूर
दिनांक : १४ मार्च २०२५