माझ्या वतीने दिलेला नकार

बाई, काल भाईंदरच्या गाळ्यात ओसाकाहून पाहुण्या आल्या होत्या. ज्या म्हाताऱ्या मालकांना आपण दर महिन्याला पत्र लिहायचो, त्यांची ही मुलगी. वडील गेले, आता भांड्यांचं दुकान ती बघते. शेठनी स्टीलचे नवे डबे मांडून ठेवले होते. "बेन, जरा पूछो, ढक्कन टाइट तो नहीं लगता?" मी विचारलं, त्या हसल्या. आज तुम्ही हव्या होतात, असं मला वाटलं. जेवणापर्यंत तसंच वाटत होतं.

भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कमधलं तुमचं स्वयंपाकघर. कुकर चढलाय, तुम्ही मेथी निवडताय आणि मी टेबलावर जपानी अक्षरं गिरवतेय. पत्रात या पाहुण्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी आधी करायची, डब्यांचं नंतर, असं तुम्ही सांगायचात. माझ्या पहिल्याच मीटिंगमध्ये भाव ऐकून म्हातारे "विचार करतो" म्हणाले आणि मी शेठना तसंच सांगितलं. परत येताना रिक्षात तुम्ही मला झापलंत. "अगं, ते नाही म्हणाले. इतक्या सभ्यपणे म्हणाले की तुला कळलंच नाही." ते दर वर्षी यायचे, बोलायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. तुमचा हात थरथरायला लागल्यावर पत्रंही मीच लिहू लागले. मजकूर माझा, खाली नाव तुमचं. उत्तरं तुमच्या पत्त्यावर यायची, तुम्ही मला वाचून दाखवायचात. ती हातात घेऊन बघावीत असं मला कधी वाटलं नाही. एका दिवाळीत तुम्ही मला चामड्याची छोटी डबी दिलीत. आत माझी व्हिजिटिंग कार्डं, नावाखाली 'सहायक दुभाषी'. घरी जाऊन मी ती आईला दाखवली.

काल जेवताना पाहुण्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्ही आमच्याकडे का आला नाहीत?" मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं, त्यांच्या वडिलांनी मला दोन वर्षांसाठी ओसाकाला बोलावलं होतं. त्यांच्या घरी राहायचं, काम शिकायचं, पुढे त्यांचा आणि शेठचा व्यवहार मी सांभाळायचा. त्यांनी फोनवर तुमच्या उत्तराचा फोटो दाखवला. "मुलीला विचारलं. तिला घर सोडून यायचं नाही. कृपया आग्रह करू नये." अक्षर थरथरतं, प्रत्येक ओळ खाली उतरलेली. माझ्याकडून लिहून घेता आलं नसतं असं ते एकच पत्र. तारीख तुम्ही कार्डांची डबी दिलीत त्याच दिवाळीच्या आठवड्यातली.

मी गेले असते तर तुमचं काम थांबलं असतं, हे मला समजतं. "जाऊ नकोस" म्हणाल्या असतात तर मी बहुधा थांबलेही असते. पण त्यांचं पत्र आलं तेव्हा मी विचारलं होतं बाई, माझ्याबद्दल त्यांनी काही लिहिलंय का म्हणून. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "अक्षर चांगलं आहे म्हणतात." त्यानंतर तुम्ही आठ वर्षं होतात. शेवटच्या आजारात रोज दुपारी मी तुमचे केस विंचरायला यायचे. त्यातल्या एकाही दुपारी तुम्ही सांगितलं नाहीत.

पाहुण्या उत्तराची वाट बघत होत्या. मी म्हटलं, "तेव्हा घरी अडचण होती." त्यांनी हळूच मान लववली. शेठनी विचारलं, "क्या बोली?" मी म्हटलं, "कुछ नहीं, पुरानी बात है."

हे पत्र मी कुठे पाठवणार? पण एक कबूल करते. मी खोटं बोलले ते तुमचं नाव राखायला नाही. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून मला काहीच कळलं नाही, हे त्या पाहुण्यांना कळायला नको होतं.