खेचरांच्या बाजूने ट्रकवाला रॉय

शनिवार, २५ ऑक्टोबर
जिंकलो! सलग सातवा सामना. हार्लो स्टेटची खेचरं, म्हणजे आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ, यंदा कुणाला आवरत नाहीत. टीव्हीवाल्यांनी मात्र आमचा निकाल हवामानाच्या आधी कसाबसा उरकला. त्यात एकाने आम्हाला हार्लन म्हटलं.

शहरातल्या पेपरात तर पुढच्या सामन्याचं भाकीत: हार्लो हरणार. लिहिणारी कोण? कॉरीन. माझी सख्खी मुलगी! लहानपणापासून खांद्यावर बसवून हिला सामने दाखवले.

निश्चय: उद्यापासून पेपर बंद. रेडिओही बंद. ब्लडप्रेशर वाढतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर
पेपर वाचला नाही. माझ्या मित्राने, अर्लने वाचून दाखवला, ते वाचणं धरत नाही.

संध्याकाळी लोनीच्या रेडिओवरच्या क्रीडा कार्यक्रमाला फोन केला. कुणीतरी करायलाच हवा होता. स्वतःच्या नावाने कसा करणार, मुलगी आहे. म्हणून 'ट्रकवाला रॉय' झालो. आवाज घोगरा काढला. पेपरातल्या त्या बाईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, असं सुनावलं. लोनी खूश. म्हणाला, रॉय, येत जा रे रोज.

ओळखणं कुणाच्या बापाला शक्य नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर
नववा विजय. सामन्याआधी पार्किंगमध्ये नेहमीप्रमाणे अर्लची शेगडी पेटलेली. सॉसेज उलटताना त्याने विचारलं, काय ड्वेन, घसा बरा आहे ना आता? टायरच्या दुकानातही परवा एकाने हेच विचारलं. गावात अजून काळजी करणारी माणसं आहेत.

माझा सिद्धांत पक्का झालाय. पेपरवाले नावं ठेवतात, कोच ते कात्रण खेळाडूंच्या खोलीत चिकटवतो, पोरं पेटतात. म्हणजे या विजयांत थोडा हात कॉरीनचाही. तिला सांगणार नाही. डोक्यावर बसेल.

रात्री तिचा फोन. थँक्सगिव्हिंगला येतेय, टर्की मी भाजणार, तू ओव्हनला हातसुद्धा लावू नकोस म्हणाली. माझी बायको डोरीन गेल्यानंतरचा हा पहिला सण. तिचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. पण फोन ठेवल्यावर फार बरं वाटलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर
घात! कॉरीनने लिहिलंय, शनिवारी हार्लो जिंकणार. भर पेपरात कौतुक! आता कोच भिंतीवर काय चिकटवणार, कपाळ?

तिला फोन करून म्हटलं, मागे घे. ती म्हणाली, डॅड, हरणार म्हटलं तरी तुझा संताप, जिंकणार म्हटलं तरी संताप, मी लिहू तरी काय? उत्तर होतं माझ्याकडे. तिनेच फोन ठेवला.

संध्याकाळी रॉयला बोलावंच लागलं. जरा जास्त बोलला. म्हणाला, या बाईला बापाने काही शिकवलेलं दिसत नाही.

लोनी म्हणाला, रॉय, ती आज इथेच आलीय, माझ्या शेजारी बसलीय.

मग कॉरीनच बोलली. डॅड, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मी. गंमत वाटायची. आई असती तर पोट धरून हसली असती. आज नाही हसू आलं. पुढच्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, माझी वाट बघू नकोस.

मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय.

शनिवार, २२ नोव्हेंबर
३८-३. आपले तीन.

कौतुकानेच घात केला, हे अर्लला समजावत होतो. तो म्हणाला, ड्वेन, गप सॉसेज खा.

सॉसेज गेलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. टर्की सकाळीच बाहेर काढून ठेवली. ओव्हनला हात लावला नाही, तिने सांगितलं होतं. ताटं दोन मांडली. दुपारी गाडी वाजली म्हणून धावलो. अर्ल होता. भोपळ्याची गोड पाई देऊन गेला.

मग ठरवलं, माफी मागायची. सगळ्यांसमोर. लोनीला फोन लावला. सणाची सुट्टी, निरोप घेणारं यंत्र बोललं. यंत्राला म्हटलं, मी ड्वेन, कॉरीनचा बाप. तिला फुटबॉल कळतं. आवाज आपोआपच घोगरा आला, त्याला माझा इलाज नाही.

सोमवारी तो निरोप रेडिओवर लावतील. ती ऐकतेच तो कार्यक्रम.

तिचा नंबर मला पाठ आहे. तो लावायचा धीर झाला नाही.

टर्की पुन्हा फ्रीजमध्ये ठेवली. आली की भाजेल.