कणग्यातला मुक्काम

आबा, मी अकरा वर्षांची असताना तुम्हाला फसवलं होतं. एकदा नव्हे, चांगले दोन महिने, जवळजवळ रोज. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, मी स्वतः शाळेत मुलींना शिकवते, केस पिकायला लागले आहेत, आणि तरी ही गोष्ट मी घरात कुणाजवळ बोललेली नाही. आत्याजवळ तर मुळीच नाही. ती "मी म्हनत नव्हते?" एवढंच म्हणाली असती आणि पुन्हा भाकरी थापायला लागली असती.

ते पुस्तक तुम्ही कर्जत स्टेशनातून घरी आणलंत तो दिवस मला स्वच्छ आठवतो. पुण्याच्या गाडीला मागून घाटाचं इंजिन लावेपर्यंत उतारू खाली उतरून पाय मोकळे करत, त्यातलाच कुणी ते बाकावर विसरून गेला होता. स्टेशनमास्तरांनी महिनाभर ठेवून घेतलं, मालक काही फिरकला नाही, तेव्हा ते तुम्हाला म्हणाले, "घेऊन जा, तुमची पोरगी शाळेत जाते ना?" तुम्ही सांधेवाले. गाडी कुठल्या रुळावर जाणार ते तुमच्या हातात, पण अक्षराशी तुमचा संबंध अंगठ्यापुरता. पुस्तक धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणलंत आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, "वाच बगू, काय म्हनतोय त्यो."

पुस्तक लिहिणारा काशीला निघाला होता. कुणी पुण्याकडचा गृहस्थ, भारी जड मराठी लिहिणारा. आई नव्हती, घर आत्याच सांभाळायची. ती चुलीपुढे बसलेली असते, मी तिच्या जाळाच्या उजेडात वाचते आहे, आणि तुम्ही उंबऱ्याला टेकून ऐकता आहात. घाट, देवळं, श्राद्धविधी यांच्यात तुम्हाला काडीचा रस नसायचा. "देऊळ ऱ्हाऊ दे गं. रातीला निजला कुठं ते वाच." तो बिचारा कधी नावेत निजला, कधी एका पुराणिकाच्या माळ्यावर पोथ्यांच्या गठ्ठ्यांत, आणि एकदा कुठल्याशा संस्थानाच्या रिकाम्या हत्तीखान्यात. तो हत्तीखाना तुम्ही माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलात. मला तेव्हा हसू यायचं. तुमची झोप गाड्यांच्या वेळांना बांधलेली, तासाभराच्या तुकड्यांत मिळणारी. अशा माणसाला दुसऱ्याच्या झोपेचं केवढं अप्रूप असणार, हे कळायला मला स्वतःला थकावं लागलं.

मग एका संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "ह्ये समदं लांबचं. मला काशीइतकी रजा कोन देतो? आपल्या बाजूचं काय नाय का त्यात?" आपल्या बाजूबद्दल दोन ओळी होत्या आणि त्यांत कुठलाही मुक्काम नव्हता. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि "आहे की!" म्हणून गेले.

एकदा म्हटल्यावर माघार कशी घेणार? मी पुस्तकात तोंड खुपसून त्या गृहस्थाच्याच जड आवाजात वाचायला लागले: खालापुराकडील एका गावी पाहुण्यास कणग्यात निजविण्याची रीत आहे. भात भरण्याचा नवा विणलेला कणगा, शेणाने सारविण्यापूर्वी, पडवीत आडवा करितात व आत पेंढा अंथरितात. गावाचं नाव मी बाजारात वालाच्या शेंगा विकणाऱ्या बाईकडून ऐकलेलं दिलं ठोकून. तुम्ही इतके खूश झालात की आत्याची भाकरी करपल्याचंसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे रोज त्या गावात भर पडत गेली. नदी आली, आंब्याचं झाड आलं, कणग्यात येणारा ओल्या बांबूचा वास आला.

मार्गशीर्षात तुम्ही घरी आलात ते हसतच. "चार दिसांची रजा मिळाली. उद्या निगायचं." फजितीची भीती होतीच, पण खरी भीती निराळी होती. आत्याचं रोजचं टुमणं असायचं की पोरीची शाळा पुरे, आता तिला चूल शिकू दे. तुमचं त्यावर एकच उत्तर असायचं: "ती मला वाचून दावते." माझं वाचणंच खोटं निघालं तर तुमच्याजवळ दुसरं काय उत्तर होतं?

खोपोलीच्या गाडीनं गेलो, मग नदीच्या कडेनं चालत. मी वाटेत पोट दुखवून पाहिलं, पाय मुरगळून पाहिला. तुम्ही एक बैलगाडी थांबवून मला तीत बसवलंत आणि स्वतः बाजूनं चालत राहिलात, पुस्तक काखेत. गावात पहिल्याच घराच्या खळ्यावर एक म्हातारी भात पाखडत होती. तुम्ही रामराम घालून तिला सरळच विचारलंत, "आमी कर्जतवरनं आलो. तुमच्याकडं पावन्याला कनग्यात निजवतात म्हनं."

तिचं सूप थांबलं. "कोन म्हनतं?"

"पुस्तकात छापलंय. वाच गं."

मी कुठलंतरी पान उघडलं, बहुतेक प्रयागचं, आणि कणगा वाचला. तोवर चार माणसं जमली. एक म्हणाला, "आपुन तर कंदी केलं नाय." दुसरा डोकं खाजवत म्हणाला, "आज्याच्या वक्ताला आसंल रं. छापतात ते काय उगाच?" छापलेलं खोटं असू शकतं हे त्या अंगणात कुणाच्या गावीच नव्हतं. उलट आपल्या बापजाद्यांची रीत आपणच विसरलो आणि ती परगावच्या माणसानं येऊन सांगावी, याची त्यांना लाज वाटली. म्हातारीच्या मुलानं दुसऱ्या दिवशी सारवायचा म्हणून नवा कणगा आणून ठेवला होता. तो त्यानं पडवीत आडवा केला, घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना दगड लावले, आत पेंढा कोंबला. दिवेलागणीलाच तुम्ही आत शिरलात. गुडघ्यांपासून पाय बाहेर.

सकाळी उन्हं पडवीत आली, कोंबड्या तुमच्या पायांवरून गेल्या, तरी तुम्ही झोपलेलेच. मी तुम्हाला इतका वेळ झोपलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारीनं मला चुलीजवळ बोलावून पेज दिली आणि हळूच विचारलं, "खरं सांग पोरी, हाय का त्यात आमचं गाव?" मला रडू फुटलं. सगळं सांगितलं, शाळेचंही. तिनं पदरानं माझं नाक पुसलं, जरा जोरातच, आणि म्हणाली, "अगं, कनगा आमचा, पेंढा आमचा, निजला तुजा बाप. यात खोटं काय ऱ्हायलं? गप पेज पी."

घरी आल्यावर आत्यानं विचारलं तेव्हा तुम्ही छाती काढून म्हणालात, "वाचलं तस्संच निगालं. कनगासुद्दा." शाळेचा विषय त्या दिवशी मिटला. पुढे मी ट्रेनिंगला गेले, नोकरी लागली, आज जी काही आहे ती त्या कणग्यामुळे आहे, आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं ही टोचणी मला दरवर्षी जास्तच टोचत राहिली.

म्हणून त्या शेवटच्या आठवड्यात, तुम्हाला धड कुशीवरही वळता येत नव्हतं तेव्हा, तुम्ही म्हणालात, "ते पुस्तक आन. खालापूर वाच," तेव्हा मी ठरवलं की आता आपल्या दोघांत खोटं नको. मी आपल्या बाजूच्या त्या दोन ओळी काढल्या आणि होत्या तशा वाचल्या: "परतताना कर्जतेस गाडीस मागून दुसरे इंजिन जोडिले. घाट चढून सुखरूप पुण्यास आलो." तुम्ही डोळे मिटून वाट पाहत राहिलात.

"फुडं?"

"एवढंच आहे, आबा. तेव्हाही एवढंच होतं."

तुम्ही म्हणालात, "आज तू बराबर वाचत नायस गं," आणि मान भिंतीकडे फिरवलीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

मी खरं सांगितलं, चांगलंच केलं, असं मी पंधरा वर्षं स्वतःला बजावत आले. चांगलं नाही केलं. मला माझं ओझं उतरवायचं होतं आणि तुम्हाला फक्त निजायला जागा हवी होती. हे पत्र कुठे धाडायचं हा प्रश्नच नाही. पण धाडता आलं असतं तरी तुम्हाला ते वाचून कुणी दाखवलं असतं? मीच. आणि जसं लिहिलंय तसं मी ते वाचलं नसतं.