बंद खोलीतल्या अध्यक्षा

नागपूर, १२ जानेवारी २०२५

ती. रंगूमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगुळाची पुडी सोबत आहे. फोनवर बोलवेना, म्हणून लिहिते. कामाच्या जागी बायकांशी होणाऱ्या दुजाभावावर मी कायद्याचा अभ्यास करते, हे तू जाणतेस. त्यासाठीच आपली वर्षाराणी कारकून होती त्या वाशिमच्या डाळमिलमध्ये गेले. भिंतीवर महिला तक्रार समितीचा फलक आहे. अध्यक्षा, वर्षाराणी. जुना असेल म्हणून मी बैठकीचे कागद मागितले. गेल्या महिन्याच्या पानावर लिहिलंय, ‘एकही तक्रार नाही.’ खाली तिची सही.

मावशी, तिला जाऊन तीन वर्षं झाली. सहीचा फोटो पाठवते. बघवला तरच बघ.

तुझ्या मायेतली,
साधना

मेडशी, १९ जानेवारी

चि. साधनाले अनेक आशीर्वाद.

सही तिचीच हाय. ‘वर्षा’चा रफार ती असाच लांब वढे. घटकाभर मले वाटलं, लेक जित्ती हाय. मंग आठवलं. तापानं पडायच्या आधी तिनं सांगतलं होतं का सायबानं कोऱ्या कागदाच्या गठ्ठ्यावर सह्या घेतल्या. काहून, ते सांगतलं नाही. मीच म्हनलं, नोकरी हाय, कर. आता ते कागद सरेलोक माही पोरगी ‘तक्रार नाही’ म्हनत राहीन. तिले तिथून सोडव.

तुही मावशी, जीव लावत राह्य.
रंगूबाई

वाशिम, ६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

ती गेल्यापासून बंद असलेली मिलमधली तिची समितीची खोली आज अधिकाऱ्यांसमक्ष उघडली. कुलूप गंजलेलं, तोडावंच लागलं. दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या. लांबून येणाऱ्या नव्या बायका फलक वाचून तिलाच लिहीत होत्या. ती नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मुकादम अंगाला हात लावतो, दिवस गेले की कामावरून काढतात, असं बरंच. साहेबाच्या कपाटातले तिच्या सह्यांचे उरलेले कोरे कागद जप्त झाले. साहेबाची चौकशी लागली.

हेमला नावाच्या मुलीची चिठ्ठी वेगळी आहे. ‘ताई, तुम्ही दारामागून सांगितलं तशी आता गोदामात एकटी जात नाही.’ मी तिला भेटले. आवाज बाईचा होता, एवढंच ती म्हणते. माझ्या अहवालात मी हे लिहिलेलं नाही.

आशीर्वाद असू दे.
साधना

मेडशी, १४ फेब्रुवारी

चि. साधनाले अनेक आशीर्वाद.

काल यष्टीनं मिलवर जाऊन आली. नव्या समितीवर उज्ज्वलाबाई हाय, मजूर बायाइले तिचा भरोसा हाय. हेमलाच्या डोक्यावरून हात फिरवला, इचारलं काही नाही. फलकावरचं नाव पुसून राह्यले होते. ते पुरतं पुसलं जायलोक उभी राह्यली. मंग त्या खोलीच्या दाराशी गेली न म्हनलं, बाई, झालं आता, घरी चाल.

येतानी कंडक्टरनं मले न इचारता दोन बायांची अर्धी तिकिटं देली. मी घेतली. खिडकीजवळची जागा मोकळी ठेवली.

तू बी कवातरी ये.
तुही,
रंगूमावशी