हिरवं म्हणजे अजून नाही

३ मार्च २०१७, बंगळुरू
आणि दादाचं परत तेच. "घरची चिकूची वाडी सोडून तिकडे कुणाच्या कंप्युटरचा पडदा राखतोस?" राखतोच. तीन महिन्यांच्या बोलीवर आहे, महिनाअखेर कायम करतील नाहीतर घरी. आणि वाडीत तरी मला काय विचारतोस तू? पाणी सोड, एवढंच. फोन त्यानेच ठेवला. मागे आमच्या चिखल्याच्या समुद्राची गाज ऐकू येत होती, तीही गेली.

६ मार्च
कुणी कुरियर बुक केलं की ॲप डेटाबेसला विचारतं. तो प्रश्न म्हणजे क्वेरी, ती लॉगमध्ये, नोंदींच्या यादीत, पडते. एकेक लांबलचक इंग्रजी ओळ, दुसरीला चिकटून. दिवसभर बघायचं, अडकलं की सरांना सांगायचं. माझं इंग्रजी म्हणजे दहावी नापास. डोळे जातात.

९ मार्च
शेजारी बसणाऱ्या शिवाने रंगांची फाइल उघडून दिली. "तेरा स्क्रीन है, जैसा चाहिए कर." क्वेरीत फ्रॉम शब्द आला की ओळ तोडली, व्हेअर आला की तोडली. मग रंग. चालू आहे ती क्वेरी हिरवी, झाली ती तपकिरी. चिकूला नख लावून बघतो ना, आत हिरवं तर अजून नाही, तसं. एका नजरेत कळतं! दाखवायला वळलो तर शिवा गेलेला. बाकीचे आपसात कन्नडमध्ये.

१४ मार्च
सरांना आवडलं. "बडे स्क्रीन पे लगा, सबके लिए." आईला सांगितलं.
"म्हणजे काय केलंस रे?"
"रंग दिले."
"बरं. जेवलास का?"

२१ मार्च
जेवून आलो तर मोठा पडदा हिरवागार. सर समोर चहा पीत. "आज एकदम स्मूथ!" म्हटलं, सर, एकही झालेली नाही, सगळ्या अडकल्यात. पाऊण तास कुणाचं बुकिंगच नाही.
"अरे, ग्रीन मतलब ओके! पूरी दुनिया में!"
शिवा म्हणतो, "तेरे गांव में सिग्नल नहीं है क्या?" सगळे हसले. मीही. आत हिरवा असलेला चिकू उतरवला तर बाबा दिवसभर बोलत नसत, हे यांना कसं सांगू.

२३ मार्च
सरांनी रंग उलटे करायला लावले. केले, आता झालेली ती हिरवी. आज जुन्या सवयीने हिरवं बघून तीनदा सरांकडे धावलो, अडकलं म्हणून. काही अडकलं नव्हतं. तिसऱ्यांदा म्हणाले, "सोमवार को बात करते हैं." माझ्याकडे न बघता.

२४ मार्च
दादाचा फोन. "चिकू उतरवायला माणसं मिळत नाहीत. आलास तर..." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. घरचं, डहाणूचं तिकीट बघितलं, काढलं नाही; सोमवारी सर काय म्हणतात ते आधी कळू दे. पगार आलाय. जेवणापुरते ठेवून आईला पाठवतोय : सहा हजार चारशे.