दादाने दिलेलं कारण

बेहाला, कोलकाता
१८ ऑगस्ट २०२४

ती. रघुनाथदादांना,
देवयानीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही फोन उचलत नाही म्हणून तुम्ही रागावलात. घरातले दोन्ही फोन मी मुके करून ठेवलेत. फेब्रुवारीत ऑफिसला आग लागली तेव्हा परागला किरकोळ भाजलं, एवढंच तुम्हाला कळवलं होतं. बाकीचं आज लिहिते. जिन्यात धूर भरला तेव्हा त्यानं शेजारच्या टेबलावरच्या श्यामसुंदरला गच्चीवर जा म्हणून सांगितलं आणि स्वतः बाकीच्यांना घेऊन खाली उतरला. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. खाली परागला जिन्यातून श्यामसुंदरच्या फोनची रिंग ऐकू येत राहिली. त्याची बायको फोन करत होती. मग ती रिंगही थांबली. श्यामसुंदर वाचला नाही.

तेव्हापासून कुठे रिंग वाजली की तो घामानं भिजतो. झोप नाही, जिना चढणं नाही, आमच्या चैत्रालीशीही बोलणं नाही. मानसोपचाराचे डॉक्टर म्हणाले, हा आघातानंतरचा आजार आहे. गोळीही हवी आणि बोलणंही हवं. रोज सकाळी एक गोळी. दर शुक्रवारी गौरीदी म्हणून समुपदेशक आहेत, त्यांच्यासमोर त्या दिवसाची हकिगत पहिल्यापासून सांगायची, ती रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायची. पहिल्या वेळी तो अर्ध्यावर उठून पळाला. गोळी लागू पडायला पाच-सहा आठवडे गेले, तेव्हा कुठे त्या खुर्चीत टिकू लागला. परवा त्यांच्याबरोबर तीन मजले चढून आला आणि घरी येऊन चैत्रालीला म्हणाला, भूक लागलीय. दादा, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुमच्या रसिकाच्या साखरपुड्याला यायचं मनात आहे. तोवर त्याला सांभाळून घ्या, एवढंच मागणं.

आपली,
देवयानी


सातारा
१ सप्टेंबर २०२४

चि. पराग व चि. सौ. देवयानीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या वहिनीच्या, सरोजच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला. आई गेली तेव्हा पराग अकरा वर्षांचा होता. तेव्हा कुठल्या डॉक्टरनं त्याला उभं केलं? मी केलं. परक्या बाईसमोर बसून दर आठवड्याला तीच जखम उकरायची, ही कसली तऱ्हा? आणि त्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत, असं मी ऐकून आहे.

पराग, तू माझ्या हाताखाली वाढलास. निग्रहानं बंद कर. रसिकाच्या सासरची माणसं चौकस आहेत. गोळ्यांचं एखादं पाकीट कुणाच्या नजरेला पडलं तर मुलीचं काय होईल, याचा विचार कर. २० ऑक्टोबरला साखरपुड्याला ताठ मानेनं ये.

चैत्रालीच्या मराठीत बंगाली फार येऊ लागलंय, तिच्याशी घरात नीट बोलत जा. तिला गोड पापा.

तुमचं भलं चिंतणारा,
रघुनाथ


बेहाला
१४ ऑक्टोबर २०२४

ती. दादांना, सा. न.

तुमचं पत्र परागनं माझ्या आधी वाचलं आणि मला काही बोलला नाही. दुर्गापूजेचे ढाक, इथले ते मोठे ढोल, वाजत होते तेव्हा तो पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसला. मग मी गोळ्या मोजल्या. तीन आठवड्यांच्या तशाच आहेत. ऑफिसात काम आहे सांगून गौरीदींकडे जाणंही सोडलंय. विचारलं तर म्हणाला, दादाला शब्द दिलाय.

अशा गोळ्या एकदम सोडायच्या नसतात, वेळ आली की आम्हीच हळूहळू कमी करू, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आता पुन्हा सुरू केल्या तरी गुण यायला आठवडे लागतील. आम्ही येत नाही. कृपा करून त्याला आग्रह करू नका.

चैत्राली घरात पुन्हा पाय न वाजवता चालायला लागलीय.

देवयानी


सातारा
२३ ऑक्टोबर २०२४

चि. परागस आशीर्वाद.

माझ्या शब्दाखातर तू एकटा आलास तेव्हा मला अभिमान वाटला होता. तासाभरात तो धुळीला मिळवलास. आचाऱ्याच्या कढईतलं तेल पेटलं, झाकण घातलं, विझलं. तेवढ्यावर तू गच्चीवर जाऊ नका म्हणून ओरडत सुटलास. नवऱ्या मुलाच्या आजीला, मंगलाताईंना, खुर्चीतून ओढून जिन्याकडे फरफटत नेलंस. ऐंशीची बाई, मनगट मोडलं.

चारचौघांत मी काय सांगायचं होतं? तुझ्या दंडाला धरून सांगितलं, प्यायलाय. ते त्यांना पटलं. सोयरीक टिकली. पिणारा काका घरोघरी असतो. वेड्याचे उपचार घेणारा निघाला तर मुलीच्या रक्ताची चौकशी होते. रसिकासाठी तू एवढं सोसशील, याची खात्री आहे. डिसेंबरात लग्नाला मात्र येऊ नकोस.

सरोजनं कंदी पेढे पाठवलेत.

तुझा,
दादा


बेहाला
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास नमस्कार.

लग्न नीट पार पडल्याचं रसिकानं कळवलं. ती सुखात राहो.

गोळी पुन्हा सुरू आहे, डोस वाढवावा लागला. गौरीदींकडे पहिल्यापासून सुरुवात केली. आता श्यामसुंदरची हकिगत शेवटपर्यंत सांगता येते. कुलूप मी लावलं नव्हतं, हेही तोंडानं म्हणता येतं. ऑफिसात जातो. बढती गेली. चैत्राली माझ्या खोलीत येण्याआधी अजून आईला विचारते.

तू मला वाढवलंस, म्हणूनच तुझं ऐकलं. दादाचा राग येतो का, असं गौरीदींनी विचारलं तेव्हा तासभर मी तुझीच बाजू मांडत होतो. घरी येताना बसमध्ये कळलं, की येतो.

मंगलाताईंना मी पत्र लिहिलं. क्षमा मागितली. आजाराचं नाव लिहिलं, गोळीचं लिहिलं, गौरीदींचंही लिहिलं. त्या दिवशी थेंबभरही घेतली नव्हती, तेही लिहिलं. काल त्यांचं उत्तर आलं. अक्षर वाकडंतिकडं आहे, कारण उजवं मनगट अजून वळत नाही, म्हणून डाव्या हातानं लिहिलंय. माझ्यावर राग नाही म्हणतात. फक्त एक विचारतात, की माणूस आजारी होता, तर सख्ख्या भावानं त्याला दारुडा का ठरवलं?

मी चार वेळा लिहायला बसलो. मला उत्तर येत नाही. त्यांचा पत्ता खाली दिलाय. तू लिही.

वहिनीला नमस्कार. लोभ असावा, असं या वेळी लिहवत नाही.

पराग