आप्पांच्या फोटोसमोर शाडूचे गणपती

आप्पा,

शिरूरच्या दुकानावर तुमचा फोटो लागलाय. शटरच्या वर, माणसाएवढा, डोक्याला फेटा. फेटा तुम्ही जन्मात कधी बांधला नाहीत, तो कॉम्प्युटरवर बांधलेला आहे. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलंय, 'आप्पांचा वारसा, पर्यावरणपूरक बाप्पा'. मी दौंडहून एसटीनं आले होते. रस्त्याच्या पलीकडून ते वाचलं आणि तिथंच उभी राहिले. तोंडून शिवी गेली. शेजारून जाणारी बाई वळून बघत पुढं गेली.

गावातल्या बहुतेक दुकानदारांनी यंदा ठरवलंय, थर्माकोल आणायचा नाही, प्लॅस्टरच्या मूर्ती ठेवायच्या नाहीत. चतुर्थीआधी बाजारपेठेतून चाललं की पुठ्ठ्याची मखरं, कापडी तोरणं, कागदी फुलं, आणि पायरीपायरीवर शाडूचे गणपती. चांगलं झालं. विसर्जनानंतर घोडनदीचं पाणी उतरलं की गाळात हात, सोंडा, मुकुट पडलेले असायचे, त्यातले कितीतरी आपल्याच दुकानातून गेलेले. ते थांबत असेल तर माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं तुमच्या फोटोबद्दल आहे. ज्या माणसानं आईचे गणपती बुडवले, त्याच्या नावानं आता शाडू विकला जातोय.

मी तेव्हा आठवीत असेन. त्या वर्षी आई आखाडापासून स्वयंपाकघरात गणपती करायला लागली होती. ही कला ती माहेराहून घेऊन आली होती आणि इतकी वर्षं तुम्ही त्याबद्दल तिला एक शब्द विचारला नव्हता. भाकरी झाल्या की ती परात धुवायची आणि त्याच परातीत माती मळायची. मांडणीवरची भांडी खाली फरशीवर आली, वर गणपती वाळायला बसले. तुम्ही जेवायला बसता, मान वर करून बघतही नाही, म्हणता, हौस हाय, करू दे. आम्हाला ती परवानगी वाटते. मग चतुर्थी जवळ आल्यावर आई त्यातले थोडे दुकानाच्या पायरीवर नेऊन मांडते आणि लोक ते विचारायला लागतात. शाळेतल्या एक बाई तुमची चमकी लावलेली प्लॅस्टरची मूर्ती हातातून खाली ठेवतात आणि आईची उचलतात. समोरच्या पूजा भांडाराचे शेठ, ज्यांच्याशी तुमचं कधी जमलं नाही, ते चहा पिता पिता म्हणतात की आता गल्ल्यावर वहिनींनाच बसवा. पायरीवरची माणसं हसतात. तुम्हीसुद्धा हसलात. मी तिथंच होते, म्हणून सांगते.

दुपारी तुम्ही घरी आलात आणि उरलेले सगळे गणपती अंगणात आणून ठेवू लागलात. एकेक, जपून. मला वाटलं, उन्हात वाळवताय, म्हणजे विकायचं मनावर घेतलंत. मग तुम्ही नळाला पाइप लावलात. आई ओल्या हातानं दारात आली.

"पान्यात इरघळत्यात म्हंतीस ना? बघू दे मला बी," तुम्ही म्हणालात.

शेजारच्या मावशी भिंतीवरून म्हणाल्या, अहो, देव हायेत ते. तुम्ही त्यांना सांगितलंत, अजून पुजलेत कुठं, माती हाय नुसती. आणि पाणी सोडलंत. आधी कान गेले, मग सोंडा, मग पोटं खचली. तुम्ही घाई केली नाहीत.  तुम्ही पाइप टाकून परत दुकानात गेल्यावर तिनं तो चिखल घमेल्यात भरला आणि परसातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतला. त्या संध्याकाळी तुम्ही पिठलं मागितलंत. तिनं केलं. तुम्ही परत मागून खाल्लंत. तुम्ही होतात तोवर तिनं पुन्हा मातीला हात लावला नाही.

तुम्ही गेल्यावर आई माझ्याकडं दौंडला आली. माझे मालक कुरकुंभला कारखान्यात शिफ्टवर जातात, मी घराच्या पुढच्या खोलीत वह्या-पेनांचं दुकान चालवते. यंदा उन्हाळ्यात एक दिवस ती म्हणाली, मला शाडूचं पोतं आणून दे. कशाला, ते मी विचारलं नाही. मागच्या पडवीत बसून ती करायला लागली. हात आता थरथरतात, तरी गणपतीचा चेहरा तोच, जरा झोपाळू, जरा लाडावलेला.

शिरूरचं दुकान आता धाकटा भाऊ बघतो. हे त्या धाकट्याच्या कानावर गेलं. तो पेढे घेऊन आला. जेवढे होतील तेवढे कर, सगळे आपल्या दुकानात खपतील, असं म्हणाला. मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढायचा होता त्याला. त्यात तिनं एवढंच बोलायचं, की आमच्याकडं ही सुरुवात आप्पांनी केली. आई माती मळत राहिली. तुमच्या फोटोच्या बोर्डाचं मी तिला सांगितलं होतं. मग म्हणाली, तो बोर्ड उतरव, मग देते. त्याला आधी चेष्टा वाटली. नंतर तो चिडला, बापाचा फोटो उतरवू का, गाव काय म्हणेल. तो प्रकार झाला तेव्हा तो पाळण्यात होता. नंतर मी त्याला सांगितलेलं आहे, पण त्याला ते ऐकायचं नसतं. तुमचं कोणतंही वागणं त्याच्याजवळ शिस्त म्हणून जमा होतं.

चतुर्थीच्या आधी आईनं मला टेम्पो सांगायला लावला. मला वाटलं, पोटच्या पोरापुढं विरघळली. मला रागच आला. चौफुल्यावरून न्हावऱ्याला, तिथून शिरूरला पोचेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. बाजारपेठेत शिरल्यावर तिनं ड्रायव्हरला सांगितलं, हितं न्हाई, त्या बाजूला लाव. टेम्पो पूजा भांडारासमोर थांबला. शेठ आता फार थकलेत, खुर्चीत बसून असतात. आईनं त्यांना आधीच फोन करून ठेवला होता, मला पत्ता नव्हता. ते काठी टेकत उठले आणि त्यांनी हात जोडले. आईनं पेंढ्यातून एकेक गणपती काढला आणि त्यांच्या पायरीवर मांडला. सगळ्यांची तोंडं तुमच्याकडं.

धाकटा रस्ता ओलांडून आला. त्याचा चेहरा पडला होता.

"आई, आप्पांच्या फोटोसमोर हे करतीस?"

"त्यांच्या समूरच करायचं व्हतं," आई म्हणाली. "ते असताना जमलं न्हाई."

 तो परत जाऊन गल्ल्यावर बसला आणि तिथून गिऱ्हाइकं समोर जाताना बघत राहिला. त्यानं बोर्ड उतरवला नाही, अजूनही आहे. पण त्या दिवशी निम्मी बाजारपेठ तुमच्याकडं पाठ करून आईचे गणपती निवडत होती. मला फार बरं वाटलं. घरी मालक म्हणाले, सख्ख्या भावाचा धंदा बसवून आनंद कसला होतो तुला. झाला. अजून होतोय.

पितृपंधरवड्यात आईनं तुमचं पान वाढलं. मी विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, तुला वाढायचं नसलं तर नको वाढू. मी नाही वाढलं. ती घास टाकायला बाहेर गेली आणि मी आत बसून हे लिहायला घेतलं.

हे कुठं जायचं नाही. धाकटा म्हणेल, मेलेल्या माणसाशी कसलं भांडण. आईला दाखवायची माझी हिंमत नाही. आणि खरं सांगू का, मला हे मिटवायचंही नाही. पोरीशी काय बोलायचं म्हणून तुम्ही माझ्याशी कधी चार वाक्यं धड बोलला नाहीत. हा राग सोडला, तर तुमच्याशी बोलायला माझ्याकडं दुसरं काहीच नाही.